अव्यक्त संदर्भाचे वाचन : युनिक्स प्रणालीतील परिसर-चल आणि मराठी पाठाभ्यास

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाच्या साहाय्याने पाठाभ्यास करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात घडलेल्या एका प्रसंगापासून प्रस्तुत विवेचनाचा आरंभ करणे सोयीचे होईल. अभंगांतील चरणांच्या लांबीचा अभ्यास करण्यासाठी दोन विद्यार्थिनींना एकच संगणकीय संहिता देण्यात आली होती. दोघींनी युनिक्स धर्तीच्या प्रणालीवर एकच आज्ञा देऊन त्या संहितेतील वर्णचिन्हे मोजली. एकीची संख्या दुसरीच्या संख्येच्या जवळजवळ तिप्पट आली. प्रथम संहितेविषयी शंका घेण्यात आली. दोन्ही फाइली आरंभापासून अखेरपर्यंत ताडून पाहिल्या असता त्या तंतोतंत एकच असल्याचे आढळले. मोजणारा कार्यक्रमही एकच होता आणि त्याची आवृत्तीही एकच होती. तरीही उत्तरे दोन.

कारण सापडले ते तासाच्या अखेरीस. एका यंत्रावर कोणीतरी पूर्वी अन्य कामासाठी एक भाषाविषयक मूल्य कायमचे नोंदवून ठेवले होते. ते पडद्यावर कोठेही दिसत नव्हते, परंतु दिलेल्या प्रत्येक आज्ञेच्या अर्थावर त्याची सत्ता चालत होती. अशा मूल्यांना संगणकशास्त्रात 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल' म्हणतात. हाताने मोजलेली अक्षरसंख्या या दोन्ही संख्यांहून निराळी निघाली, ही त्या प्रसंगातील आणखी एक गोष्ट.

या घटनेने प्रस्तुत लेखकाला स्वतःच्याच एका जुन्या तक्त्याची आठवण करून दिली. चरणांच्या लांबीचा तो तक्ता कोणत्या परिसरात तयार झाला याची एका ओळीचीही नोंद ठेवलेली नव्हती. त्यामुळे तो बरोबर आहे की चूक, हे ठरविण्याचे साधनच उरले नव्हते. संख्या चुकली तर ती दुरुस्त करता येते. ती कशी आली हेच हरवले तर मात्र ती पुराव्यातून वगळावी लागते. ही मूल्ये म्हणजे काय, ती कशी पाहावीत आणि मराठी पाठाच्या अभ्यासकाने ती पाहणे का आवश्यक आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. संज्ञाविचार

'एन्व्हायर्नमेंट' या शब्दासाठी 'पर्यावरण' हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु आज त्या शब्दाला हवा, पाणी, वनस्पती यांचे साहचर्य इतके जडले आहे की येथे तो घोटाळा करील. म्हणून या लेखात 'परिसर' आणि 'परिसर-चल' हे शब्द योजले आहेत. 'चल' हा शब्द गणिताच्या पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचा आहे : ज्याचे नाव कायम राहते आणि मूल्य बदलू शकते तो चल.

साहित्याच्या अभ्यासकाला या कल्पनेत अगदी नवे असे काही नाही. 'सैन्धव आण' हे शास्त्रग्रंथांतील परिचित उदाहरण घ्यावे. 'सैन्धव' म्हणजे मीठ आणि सैन्धव म्हणजे घोडाही. पानावर बसलेल्या माणसाने हे वाक्य उच्चारले तर मीठ आणायचे, प्रवासास निघालेल्याने उच्चारले तर घोडा. अनेकार्थी शब्दाचा विवक्षित अर्थ निश्चित करणारी संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, देश, काल इत्यादी गमके भर्तृहरीने 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडात सांगितली, आणि मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त व्यंजनेच्या विवेचनात त्यांचा आधार घेतला. वाक्य तेच असते. अर्थ ठरतो तो प्रकरणाने.

संगणकाला दिलेल्या आज्ञेचेही असेच आहे. 'क्रम लाव' म्हटले की कोणत्या भाषेच्या वर्णक्रमाने, आणि 'वर्णचिन्हे मोज' म्हटले की वर्णचिन्ह कशाला मानून, हे आज्ञेत सांगितलेले नसते. ते परिसर सांगतो. हे साम्य मात्र फार ताणणे योग्य नव्हे. मानवी श्रोत्याला प्रकरण डोळ्यांसमोर दिसत असते आणि संशय आल्यास तो विचारू शकतो. संगणकाचा परिसर समोर दिसत नाही आणि संगणक विचारीतही नाही. तो परिसर आपणच मागून घ्यावा लागतो. या मागून घेण्याच्या रीतींचा विचार पुढे केला आहे.

३. रचना आणि वारसा

युनिक्सचा आरंभ १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या कामातून झाला. परिसर-चलांची व्यवस्था त्या प्रणालीत १९७९ च्या सातव्या आवृत्तीत, स्टीफन बोर्न यांच्या शेलबरोबर आली. शेल म्हणजे आपण टंकलेली आज्ञा वाचून योग्य तो कार्यक्रम चालू करणारा मध्यस्थ. लिनक्स, मॅक-ओएस आणि बीएसडी या आजच्या प्रणालींत मूळची हीच व्यवस्था चालत आलेली आहे.

परिसराची रचना अतिशय साधी आहे. 'नाव', बरोबरचे चिन्ह आणि 'मूल्य' अशा जोड्यांची ती एक यादी असते. उदाहरणार्थ 'होम' या चलाचे मूल्य म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या निर्देशिकेचा मार्ग. 'शेल' या चलाचे मूल्य म्हणजे त्याच्या नेहमीच्या शेलचे ठिकाण. 'पाथ' या चलात कार्यक्रम कोणकोणत्या निर्देशिकांत शोधावा याची विसर्गासारख्या दोन टिंबांनी विभागलेली यादी. आणि 'लँग' या चलात भाषा, प्रदेश व वर्णसंकेत यांची निवड. ही नावे प्रथेने रोमी मोठ्या अक्षरांत लिहितात.

या यादीचे एक लक्षण विशेष ध्यानात ठेवावे. एखादी प्रक्रिया दुसरी प्रक्रिया चालू करते तेव्हा आपल्या परिसराची नक्कल तिच्या हाती देते. वारसा असा पालकाकडून अपत्याकडे जातो. परंतु अपत्याने आपल्या प्रतीत केलेला बदल पालकाकडे परत येत नाही. हस्तलिखिताची नक्कल करणाऱ्या लेखकाने आपल्या प्रतीत केलेली दुरुस्ती मूळ प्रतीत उमटत नाही, तसेच हे आहे. प्रतींची वंशावळ मांडणाऱ्या पाठचिकित्सकाला हा संबंध वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

४. परिसर पाहण्याच्या रीती

पुढे आलेल्या आज्ञा उच्चारानुसार नागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमी लहान अक्षरांत टंकाव्या लागतात. म्हणून आवश्यक तेथे त्यांची अक्षरे सुटी करून सांगितली आहेत.

(अ) संपूर्ण यादी. 'एन्व्ह' ही आज्ञा ई, एन, व्ही अशा तीन अक्षरांची आहे. ती नुसतीच दिली असता परिसरातील सर्व जोड्या ओळीने पडद्यावर येतात. 'प्रिंटएन्व्ह' ही आज्ञा म्हणजे 'प्रिंट' या शब्दाला जोडून तीच तीन अक्षरे. तिनेही हीच यादी मिळते. दोहोंत भेद आहे तो परंपरेचा आणि उपयोगाचा. 'प्रिंटएन्व्ह' बर्कले येथील युनिक्सपरंपरेतून आली आणि ती केवळ दाखविण्याचे काम करते. 'एन्व्ह' पॉझिक्स या प्रमाणात समाविष्ट आहे आणि बदललेल्या परिसरात एखादा कार्यक्रम चालविणे हे तिचे मुख्य काम आहे. सोबत काहीच दिले नाही तरच ती यादी दाखविते. यादी लांब असल्याने तिला क्रम लावून, पानापानाने पाहणे सोयीचे ठरते.

(आ) एकच चल. 'प्रिंटएन्व्ह' आणि पुढे चलाचे नाव लिहिले की केवळ त्याचे मूल्य मिळते. त्या नावाचा चलच परिसरात नसेल तर काहीही छापले जात नाही आणि आज्ञा अपयशाची खूण मागे ठेवते. चल असून त्याचे मूल्य रिकामे असेल तर एक कोरी ओळ येते. अस्तित्वात नसणे आणि रिकामे असणे या दोन भिन्न अवस्था आहेत. हस्तलिखितात एखादे पान गहाळ असणे आणि पान असून ते कोरे असणे यांत अभ्यासक जो भेद करतो, तोच येथेही करावा लागतो.

(इ) 'एको'ची रीत. पुष्कळ शिकवण्यांत 'एको' ही आज्ञा, नंतर डॉलरचे चिन्ह आणि त्याला चिकटून चलाचे नाव, अशी रीत दिलेली असते. ती सोपी आहे, परंतु तिच्या दोन मर्यादा आहेत. डॉलरचिन्हाचा अर्थ 'एको' लावीत नाही. शेल आधीच त्या जागी मूल्य भरते आणि तयार मजकूर 'एको'च्या हाती देते. त्यामुळे नसलेला चल आणि रिकामा चल या दोहोंसाठी सारखीच कोरी ओळ येते. दुसरे असे की शेलच्या खाजगी चलाचेही मूल्य या रीतीने दिसते आणि तो परिसरात आहे असा गैरसमज होतो.

(ई) खाजगी आणि वारशाचे चल. हा भेद एका छोट्या प्रयोगाने स्पष्ट होईल. 'ग्रंथ' असे नाव रोमी लिपीत लिहावे, कारण शेलमध्ये चलाच्या नावात रोमी अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढीच चिन्हे चालतात. त्याला चिकटून बरोबरचे चिन्ह आणि त्याला चिकटून 'अनुभवामृत' हे मूल्य द्यावे; मूल्य नागरीत असण्यास हरकत नाही. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडू नये. आता 'एको'ने मूल्य दिसेल, परंतु 'प्रिंटएन्व्ह'ने काहीच मिळणार नाही. नंतर 'एक्सपोर्ट' या आज्ञेपुढे चलाचे नाव देऊन पुन्हा पाहावे. आता 'प्रिंटएन्व्ह'लाही ते मूल्य दिसेल. कारण 'प्रिंटएन्व्ह' हीच शेलची अपत्य-प्रक्रिया आहे. तिला जे वारशाने मिळाले तेवढेच ती दाखवू शकते, आणि 'एक्सपोर्ट' केल्यावाचून चल वारशात जात नाही. शेलचे खाजगी व वारशाचे असे सर्व चल पाहायचे असतील तर 'सेट' ही आज्ञा नुसतीच द्यावी. केवळ वारशात जाणारे पाहायचे असतील तर 'एक्सपोर्ट'पुढे उणे-चिन्ह आणि 'पी' हे अक्षर द्यावे.

(उ) चालू असलेल्या प्रक्रियेचा परिसर. लिनक्समध्ये प्रत्येक प्रक्रियेसाठी 'प्रॉक' या निर्देशिकेत तिच्या क्रमांकाची एक उपनिर्देशिका असते आणि तीत 'एन्व्हिरॉन' नावाची फाइल असते. स्वतःच्या प्रक्रियांच्या अशा फाइली वापरकर्त्याला वाचता येतात. त्यांत जोड्यांमध्ये नवी ओळ नसून शून्य-बाइट असतो. म्हणून 'टीआर' या आज्ञेने त्या शून्यांचे ओळींत रूपांतर करून घ्यावे लागते. येथे दिसतो तो प्रक्रिया सुरू झाली त्या क्षणीचा परिसर. नंतर तिने स्वतःपुरता केलेला बदल येथे दिसेल असे मानू नये. रात्रभर चालणारी शब्दसूची कोणत्या परिसरात सुरू झाली, हे सकाळी पाहण्यासाठी ही रीत उपयोगी पडते. मॅक-ओएसवर 'प्रॉक' निर्देशिका नाही. तेथे पहिल्या चार रीतींवर भिस्त ठेवावी.

५. भाषाविषयक चल आणि त्यांचा अधिकारक्रम

पाठाभ्यासकाच्या दृष्टीने परिसरातील सर्वांत महत्त्वाचे चल म्हणजे भाषाविषयक चल. 'लँग' हा सर्वसाधारण निवडीचा चल. त्याच्या जोडीला 'एलसी' या अक्षरांनी सुरू होणारे विशिष्ट कार्याचे चल असतात : 'एलसी-सीटाइप' वर्णचिन्ह कशाला मानावे हे सांगतो, 'एलसी-कोलेट' अनुक्रम ठरवितो, 'एलसी-टाइम' दिनांकाची धाटणी ठरवितो. 'एलसी-ऑल' हा या सर्वांवर मात करणारा चल. टंकताना 'एलसी' आणि पुढील शब्द यांमध्ये अधोरेखा द्यावयाची असते.

त्यांचा अधिकारक्रम निश्चित आहे. 'एलसी-ऑल'ला मूल्य असेल तर तेच चालते. नसेल तर त्या त्या कार्याचा विशिष्ट चल पाहिला जातो. तोही नसेल तर 'लँग'. तिन्ही नसतील तर सामान्यतः 'सी' नावाचा मूळ परिसर गृहीत धरला जातो. त्यात कोणत्याही भाषेचा विचार नसतो. मजकूर म्हणजे केवळ बाइटांची मालिका. म्हणून 'लँग'चे मूल्य मराठीचे आहे एवढे पाहून समाधान मानू नये; 'एलसी-ऑल'मध्ये 'सी' असेल तर 'लँग'ला काहीही किंमत उरत नाही. उपरोक्त वर्गात नेमके हेच घडले होते.

हे सर्व एकत्र पाहण्यासाठी 'लोकेल' ही आज्ञा आहे. ती प्रत्येक भाषाविषयक चलाचे प्रत्यक्ष लागू होणारे मूल्य दाखविते. लिनक्सच्या नेहमीच्या ग्नू सी-संग्रहात जी मूल्ये अवतरणचिन्हांत येतात ती थेट नेमलेली नसून अन्य चलावरून आलेली असतात. थेट विधान आणि अनुमान यांतील हा भेद आज्ञेने आपणहून नोंदविलेला आहे, तो वाचण्याची सवय लावून घ्यावी.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. चलात एखाद्या भाषापरिसराचे नाव आहे याचा अर्थ तो यंत्रावर उपलब्ध आहे असा होत नाही. मराठी व भारत यांची निदर्शक अक्षरे 'लँग'मध्ये असूनही तो भाषापरिसर बसविलेला नसेल तर बहुतेक कार्यक्रम एक अक्षरही न बोलता 'सी' परिसरातच काम करतात. 'लोकेल' आज्ञा मात्र अशा वेळी इशारा देते. तिच्यापुढे उणे-चिन्ह आणि 'ए' हे अक्षर दिले असता यंत्रावर उपलब्ध असलेल्या सर्व भाषापरिसरांची यादी मिळते. चलाचे मूल्य हा दावा आहे आणि ही यादी त्या दाव्याचा पुरावा. दोन्ही ताडून पाहावीत.

६. मराठी पाठावरील परिणाम

(अ) गणना. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द घेऊ. वाचणाऱ्याला त्यात ज्ञा, ने, श्व, री अशी ४ अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने मात्र ज, हलन्तचिन्ह, ञ, आ-कार, न, ए-कार, श, हलन्तचिन्ह, व, र, ई-कार असे ११ संकेत होतात. यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरी विभागातील प्रत्येक संकेताला ३ बाइट लागतात; म्हणून बाइट ३३. 'डब्ल्यूसी' या मोजणीच्या आज्ञेला उणे-चिन्हासह 'सी' हे अक्षर दिल्यास बाइट मोजले जातात आणि 'एम' दिल्यास वर्णचिन्हे. यूटीएफ-८ परिसरात 'एम'चे उत्तर ११ येते. ग्नू साधनांच्या 'सी' परिसरात त्याच आज्ञेचे उत्तर ३३ येते, कारण तेथे बाइट हेच वर्णचिन्ह. हा प्रयोग करताना शब्द 'एको'ने न देता 'प्रिंटएफ'ने द्यावा. 'एको' शेवटी नव्या ओळीचे चिन्ह जोडते आणि प्रत्येक उत्तर एकाने वाढते.

आरंभीच्या प्रसंगातील तिपटीचे रहस्य हेच होय. ती तिप्पट पुरती का नव्हती, हेही आता कळते : मोकळी जागा आणि ओळीची चिन्हे यांना एकेकच बाइट लागतो.

छंदाच्या अभ्यासकाला याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या दोन्ही संख्या त्याच्या कामाच्या नाहीत. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात असे आपण म्हणतो तेव्हा 'अक्षर' ही वाचनाची, उच्चाराची वस्तू असते. परिसर योग्य करूनही 'डब्ल्यूसी' तिच्यापर्यंत पोहोचत नाही. युनिकोडने वाचकाला एकसंध वाटणाऱ्या चिन्हसमूहांचे नियम दिलेले आहेत. पण देवनागरी जोडाक्षर एकच समूह मानण्याचा सर्वसाधारण नियम त्यात २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. त्यापूर्वीच्या नियमांवर बेतलेले साधन 'ज्ञानेश्वरी'चे सहा समूह पाडते, नंतरचे चार. म्हणजे एकाच शब्दाची ३३, ११, ६ आणि ४ अशी चार उत्तरे संभवतात, आणि प्रत्येक उत्तर आपापल्या गृहीतकात बरोबर असते. तक्त्याच्या मथळ्यात नुसते 'अक्षरसंख्या' लिहिणे किती अपुरे आहे, हे यावरून दिसून येईल.

(आ) अनुक्रम. काव्य, काळ, कास, काल, काहूर हे पाच शब्द घ्यावेत. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या वर्णमालेत 'ळ' हा वर्ण 'ह'नंतर येतो. त्यानुसार क्रम होतो तो असा : काल, काव्य, कास, काहूर, काळ. 'सी' परिसरात 'सॉर्ट' ही आज्ञा दिली असता क्रम येतो : काल, काळ, काव्य, कास, काहूर. कारण 'सी' परिसर बाइटांच्या क्रमाने जातो, यूटीएफ-८ मध्ये बाइटांचा क्रम संकेतांच्या क्रमाशी जुळतो, आणि युनिकोडच्या देवनागरी विभागात 'ळ'ची जागा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये आहे. हा क्रम युनिकोडने भारतीय प्रमाण असलेल्या इस्की संकेतावरून घेतला. अनेक भारतीय लिप्यांना एकच सामाईक मांडणी देणे हे इस्कीचे उद्दिष्ट होते; मराठी कोशाचा क्रम हे नव्हते.

या दोषाची खरी अडचण अशी की तो सहज नजरेस येत नाही. स्वर, व्यंजने, काने-मात्रे आणि त्यानंतर जोडाक्षरे हा क्रम 'सी' परिसरातही बहुतांशी कोशासारखाच लागतो. सूचीची पहिली दहा पाने चाळणाऱ्याला शंका येत नाही. चूक लपून राहते ती 'ळ'च्या शब्दांत. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना स्वतंत्र स्थान देणाऱ्या कोशपद्धतीत त्यांच्याही शब्दांत. आणि 'ॲरिस्टॉटल'सारख्या शब्दांत. 'ॲ' हा स्वतंत्र संकेत युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आला आणि त्याला विभागाच्या अखेरीस, नागरी अंकांच्याही पुढे जागा मिळाली. परिणामी बाइटक्रमाने लावलेल्या सूचीत असे शब्द 'ह'च्याही नंतर, अगदी शेवटी जातात. वाचक 'अ'जवळ शोधतो, त्याला शब्द सापडत नाही, आणि तो लेखकाने वापरलाच नाही असा निष्कर्ष तो काढतो.

'सी'खेरीज अन्य परिसरात क्रम त्या त्या भाषापरिसराच्या तक्त्यावरून ठरतो आणि तो तक्ता आवृत्तीनुसार बदलू शकतो. म्हणून नावावर विश्वास न ठेवता उपरोक्त पाच शब्दांची चाचणी प्रत्येक यंत्रावर घ्यावी. 'काळ' दुसऱ्या स्थानी आला की शेवटी, एवढे पाहिले तरी यंत्र कोणता क्रम पाळीत आहे ते कळते.

सर्वच दोष परिसराच्या माथी मारणेही योग्य नव्हे. 'ॲ' हे अक्षर एका संकेतानेही लिहिता येते, आणि 'अ'वर अर्धचंद्र देऊन दोन संकेतांनीही. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ती भिन्न असतात. हा लेखनभेद संहितेतला आहे. तो संपादनानेच दूर करावा लागतो.

७. बदल आणि त्याची व्याप्ती

पाहिलेला परिसर अयोग्य आढळल्यास बदल शक्य तेवढ्या लहान व्याप्तीत करावा. आज्ञेच्या आधी, त्याच ओळीत, चल आणि मूल्य यांची जोडी लिहिली की तो बदल त्या एका आज्ञेपुरता राहतो. नळीच्या चिन्हाने अनेक आज्ञा जोडल्या असतील तर ज्या आज्ञेपुढे जोडी आहे तिलाच ती लागू होते; 'सॉर्ट'पुढे दिलेले मूल्य पुढील 'युनिक'ला मिळत नाही. 'एक्सपोर्ट'ने केलेला बदल त्या शेलमधून यापुढे चालणाऱ्या सर्व आज्ञांना लागू होतो आणि शेल बंद होताच संपतो. शेलच्या आरंभ-फाइलीत लिहिलेला बदल मात्र दर वेळी पुन्हा येतो. सोयीसाठी केलेली अशी कायम नोंद लिहिणारा विसरतो. पुढे त्या यंत्रावर बसणाऱ्याला ती ठाऊकही नसते.

आपल्या टर्मिनलवर दिसलेला परिसर अन्यत्रही असेल असे मानू नये. वेळापत्रकाने काम चालविणारा 'क्रॉन' आपल्या कामांना मोजकेच चल देतो. दूरच्या यंत्रावर प्रवेश केल्यास तेथील परिसर वेगळा असू शकतो. प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालविताना 'सुडू' सामान्यतः परिसर गाळून घेतो. दिवसा बरोबर चाललेली सूची रात्री चुकीची का झाली, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते. म्हणून परिसर पाहण्याची आज्ञा त्याच कामाच्या आत, गणनेच्या आधी, लिहून ठेवणे हाच खात्रीचा मार्ग होय.

८. नोंदीची शिस्त

आपण संपादित ग्रंथाची आवृत्ती, वर्ष आणि पृष्ठ नोंदवितो, कारण दुसऱ्या अभ्यासकाला त्याच जागी पोहोचता यावे. संगणकीय गणनेलाही हीच शिस्त लागू केली पाहिजे. प्रबंधाच्या परिशिष्टात पुढील बाबी असाव्यात : प्रणाली व तिची आवृत्ती, वापरलेल्या कार्यक्रमांची नावे व आवृत्त्या, दिलेली आज्ञा जशीच्या तशी, त्याच कामात मिळालेली 'लोकेल'ची यादी, 'पाथ'चे मूल्य, कारण एकाच नावाचे दोन कार्यक्रम यंत्रावर असल्यास यादीत आधी येणाऱ्या निर्देशिकेतला चालतो, पाच शब्दांच्या चाचणीचा निकाल, आणि 'अक्षर' या संज्ञेने काय मोजले याचे एका वाक्यातील स्पष्टीकरण.

मात्र 'एन्व्ह'ची संपूर्ण यादी परिशिष्टात छापू नये. अनेक कार्यक्रम आपले परवलीचे शब्द आणि सेवांच्या किल्ल्या परिसरातच ठेवतात. वापरकर्त्याचे नाव आणि निर्देशिकांचे मार्गही तेथे असतात. यादी स्वतः पूर्ण वाचावी, आणि प्रकाशित करताना कामाशी संबंध असलेल्या ओळीच निवडाव्यात. मदत मागताना सहकाऱ्याला यादी पाठविण्यापूर्वीही हीच काळजी घ्यावी.

९. समारोप

वरील विवेचनाचे सार असे. युनिक्स धर्तीच्या प्रणालीत आज्ञेचा अर्थ तिच्या शब्दांवरून पूर्णपणे ठरत नाही. प्रक्रियेला वारशाने मिळालेला परिसर तो पूर्ण करतो. तो परिसर 'एन्व्ह', 'प्रिंटएन्व्ह', 'सेट' आणि 'लोकेल' या आज्ञांनी काही क्षणांत पाहता येतो. प्रत्येक आज्ञा वेगळ्या जागेवरून पाहते, हे ओळखून तिचा उपयोग करावा. आणि मराठी पाठाच्या बाबतीत परिसर योग्य असणे ही आवश्यक अट असली तरी ती पुरेशी नाही. अक्षर कशाला म्हणावे आणि 'ळ' कोठे ठेवावा, याचा निर्णय अखेर अभ्यासकालाच करावा लागतो.

ज्या जुन्या तक्त्याचा उल्लेख आरंभी केला, तो शेवटी बाजूस ठेवावा लागला आणि चरण पुन्हा, या वेळी प्रथम हाताने आणि नंतर यंत्राने, मोजावे लागले. त्या दोन विद्यार्थिनींनी आपल्या शोधनिबंधाच्या पहिल्या परिशिष्टात 'लोकेल'ची यादी जोडली आहे. ती एका पानाहून कमी जागेत मावते.